भैरवीला उठणाऱ्यांनो, कुठे चाललात?

ग्रीनरूमच्या दाराशी सगळ्यात आधी पोचणाऱ्या तमाम रसिक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखता. नावाने नसेल, पण चेहऱ्याने नक्की. गळ्यात सर्कलचा बिल्ला, हातात पाण्याची बाटली, आणि "थांबा हो जरा, त्यांना श्वास तरी घेऊ दे" असं दर दोन मिनिटांनी म्हणणारी ती खडूस काकू असते ना दारावर, ती मी. सेंट्रल लाईनवरच्या एका छोट्या म्युझिक सर्कलमध्ये गेली पंधराएक वर्षं फुकट हमाली करते, सतरंज्या घालण्यापासून ते उरलेले वडे वाटण्यापर्यंत सगळं, आणि का कोण जाणे पण शेवटी माझी ड्यूटी नेहमी त्या दारावरच लागते.

पत्र लिहायचं कारण म्हणजे मागचा कार्यक्रम. बाईंचा. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही, आणि जे त्या दिवशी होते त्यांना सांगायची गरजही नाही. ऐंशी ओलांडलीय, फोन स्वतः घेत नाहीत, मुलाखत देत नाहीत, वर्षा-दोन वर्षांतून एकदा मनात आलं तर गातात, नाहीतर नाही. आमच्याकडे यायला हो म्हणाल्या तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली की खरंच हो म्हणाल्यात ना. अटी तीनच होत्या, फोटो नको, शाल-श्रीफळ आणि भाषणं नकोत, आणि साडेनवाला संपवायचं. तीनशे खुर्च्यांचा हॉल एका संध्याकाळी फुल्ल झाला, मला माझ्या सख्ख्या मावसबहिणीला पास देता आला नाही, ती अजून बोलत नाही माझ्याशी.

तर त्या दिवशी बाईंनी आधी राग श्री गायला, मग बिहाग, आणि नऊला पाच कमी असताना तानपुऱ्यांकडे बघून मान हलवली, स्वरमंडळ थोडं फिरवून घेतलं आणि मैफल संपवणारी भैरवी धरली. आणि तो कोमल रिषभ लागला ना लागला तोच मला पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला.

तेवीस माणसं. मोजली मी. दारात उभं राहून दुसरं काय करणार. डायऱ्या, जुन्या रेकॉर्डची कव्हरं, कार्यक्रमपत्रिका, एकाकडे तर तंबोऱ्याचं चित्र असलेला कॅलेंडरचा कागद होता गुंडाळी करून. सगळे एकदम दबक्या पावलांनी, अगदी सभ्यपणे, आणि लगेच रांग, "मी तुमच्या मागे", "नाही नाही मी आधी होतो, पाणी प्यायला गेलो होतो फक्त". पडद्यापलीकडे बाई गात होत्या. आणि एका सद्गृहस्थांनी मला विचारलं, "मॅडम, अजून किती वेळ चालेल हो?"

मी काही बोलले नाही. काय बोलणार? पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आता आधी एक स्पष्ट करते, ट्रेनसाठी उठणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये. शेवटची कर्जत किंवा कसारा पकडायची असते, उद्या सकाळी परत सातची असते, ते मला समजतं, मीसुद्धा त्यातलीच. ती माणसं उठताना ओशाळलेली असतात, दारातून बाहेर पडतानाही मागे वळून एकदा ऐकतात, एक काका तर जिना उतरताना गुणगुणत गेले. तुमचं तसं नाही. तुम्ही घरी जायला उठला नव्हता, तुम्ही बाईंसाठीच उठला होतात. म्हणजे ज्यांच्या गाण्यासाठी तीन तास प्रवास करून आलात त्यांचं गाणं अर्ध्यात सोडून त्यांच्या सहीसाठी रांगेत उभे राहिलात. हे मला कुणीतरी समजावून सांगा.

भैरवी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. रे ग ध नी कोमल, खरं तर सकाळचा राग, पण आपल्याकडे मैफल रात्री दहाला संपो की पहाटे पाचला, शेवट भैरवीनेच, आणि एकदा भैरवी झाली की पुढे कुणी गायचं नाही. कलाकाराने तीन तास जे काही सांभाळून, मोजूनमापून ठेवलेलं असतं ते तिथे सोडतो तो, बारा सूर घेतो, ठुमरीत घुसतो, भजनात जातो, कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. भीमसेनजींचं 'जो भजे हरि को सदा' ज्यांनी समोर बसून ऐकलंय त्यांना विचारा. आणि पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव घ्या, १९५३ पासून चालत आलेल्या त्या महोत्सवाचा शेवट खुद्द सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होतो, 'बिन देखे परे नहीं चैन', तीही भैरवीच, इतकी थोर माणसं गाऊन गेल्यावर शेवटचा शब्द त्या खरखरत्या तबकडीचा. तेव्हाही लोक पार्किंगकडे पळत असतात हा भाग वेगळा.

परत त्या संध्याकाळकडे येते, कारण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही.

आमचा हॉल लहान. बाईंना डोळ्यांवर लाईट सहन होत नाही म्हणून स्टेजवरचे कमी केले होते आणि हॉलमधले थोडे चालू ठेवले होते, त्यामुळे त्यांना समोरचं सगळं दिसत होतं. तुम्ही बहुतेक पुढच्या तीन-चार रांगांतले, कारण तिकिटं उघडल्या उघडल्या घेणारे तुम्हीच. म्हणजे त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांना समोर काय दिसलं असेल? रिकाम्या खुर्च्या. पुढच्याच. पाच-सहा मिनिटांत भैरवी आटोपली त्यांनी. मी चौदा वर्षांपूर्वी त्यांची भैरवी ऐकलीय, पंचवीस मिनिटं गायल्या होत्या आणि कुणाला घड्याळ आठवलं नव्हतं.

आत आल्या, खुर्चीत बसल्या, घामाने ओल्या झालेल्या, शिष्येने थर्मासमधलं कोमट पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि मला म्हणाल्या, "काय गं, कंटाळले का लोक? भैरवीला उठले."

मी म्हटलं, नाही हो बाई, सहीसाठी उठलेत, बाहेर रांग लागलीय तुमच्यासाठी. त्यांना पटलं नाही. त्यांना वाटलं मी समजूत काढतेय. म्हणाल्या, "आता आवाज कुठे राहिलाय, खरं आहे त्यांचं."

कळलं का काय झालं? तुम्ही प्रेमाने उठलात आणि त्यांनी ते नापसंती म्हणून घेतलं, आणि आत बसलेल्या बाकीच्या पावणेतीनशे लोकांची वीस मिनिटांची भैरवी गेली. त्यात काही जण सोलापूरहून आले होते. आणि परत कधी ऐकायला मिळेल हे बाईंनाही माहीत नाही.

मग दार उघडलं. पहिल्या नंबरवर तेच "किती वेळ चालेल" वाले. डायरी पुढे करून म्हणाले, "बाई, आजची भैरवी म्हणजे... शब्द नाहीत." बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. शब्द नाहीत हे खरंच होतं म्हणा.

बाईंची सही तुम्ही बघितलीय, पण करताना किती जणांनी बघितलंय? त्या आधी नाव विचारतात. मग 'चि.' लिहायचं की 'श्री.' याचा विचार करतात, वयाकडे बघून. मग 'सप्रेम', मग पूर्ण नाव देवनागरीत, शिरोरेघ शेवटी एकदम ओढतात, डावीकडून उजवीकडे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत मींड काढल्यासारखी, आणि खाली तारीख. बोटं सुजलेली असतात, स्वरमंडळाच्या तारांनी त्या दिवशी आणखीच. एका सहीला एक मिनिट सहज जातं. सेल्फी नाही म्हटल्यावरही दोघांनी पाठीमागून हात लांब करून काढलाच, आणि मध्येच पाया पडणाऱ्यांची वेगळी रांग सुरू झाली, दरवेळी त्यांना हात वर न्यावा लागतो, गुडघे बाजूला घ्यावे लागतात. नऊ जण झाले आणि पेन हातातून पडलं.

त्या नवांत एका माणसाकडे रेकॉर्डची आठ कव्हरं होती. बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव काय लिहू?" तर म्हणाला, "नाव नको, नुसती सही द्या." आठही वेळा. बाई साध्या आहेत पण बावळट नाहीत, त्यांनी आठहीवर 'सप्रेम' लिहून त्याचंच नाव घातलं, मागून शिष्येला विचारून घेतलं होतं. भाऊ, आता विका कुठे विकायचंय ते.

हे सगळं वाचून "मग सही मागूच नये का" असं म्हणाल. तसं नाही हो. मी कुठल्या तोंडाने म्हणू? १९९४ साली मी कॉलेजात असताना ह्याच बाईंचं गाणं दादरला ऐकायला गेले होते, गुलाबी-पिवळ्या पानांची ऑटोग्राफ बुक घेऊन, आणि मीही भैरवीला उठले होते. मैत्रिणीने सांगितलं होतं की आधी पोचलो नाही तर त्या मागच्या दाराने निघून जातात. सही मिळाली. अजून आहे, पिवळ्या पानावर, शाई जरा फिकी झालीय. पण त्या दिवशी त्यांनी भैरवीत काय गायलं ते मला माहीत नाही. नंतर कितीतरी जणांना विचारलं, कुणी म्हणतं ठुमरी होती, कुणी म्हणतं भजन. गेल्या महिन्यात धीर करून बाईंनाच विचारलं. तर म्हणाल्या, "मला काय आठवतंय? तू होतीस ना तिथे?"

बसले गप्प.

मोठ्या कलाकारांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. किशोरीताई आमोणकर तानपुरे मनासारखे लागल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत, हॉलमध्ये चुळबूळ झाली तर बोलून दाखवायच्या, त्यावर लोक अजून चवीने बोलतात, जाऊन इतकी वर्षं झाली तरी, २०१७ च्या एप्रिलमध्ये गेल्या त्या. अन्नपूर्णादेवींनी तर पन्नासच्या दशकानंतर जाहीर सूरबहार वाजवलंच नाही, मुंबईत सहाव्या मजल्यावर राहायच्या आणि दारावर पाटी, सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडणार नाही, बेल तीनदाच वाजवा, नाही उघडलं तर कार्ड ठेवून जा. आपण हे वाचतो आणि म्हणतो, काय तो तोरा! मला आता त्या पाटीत तोरा दिसत नाही, फार सभ्य पाटी आहे ती, काय करायचं आणि किती वेळा करायचं ते नीट लिहिलंय, नाहीतर तुम्ही-आम्ही बेल जळेपर्यंत दाबली असती. (मी आमच्या सेक्रेटरींना ग्रीनरूमवर तसलीच पाटी लावू या म्हटलं, ते म्हणाले लोक तिचाच फोटो काढतील. बरोबर आहे त्यांचं.)

आणि केसरबाई केरकर. गोव्याच्या केरीच्या गायिका. रेडिओवर गायला नको, माईकचा तिटकारा, चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा तर त्याहून. साठच्या दशकात जाहीर गाणं थांबवलं. पण पूर्वी कधीतरी त्यांनी ज्या रेकॉर्डी दिल्या होत्या त्यातली एक साडेतीन मिनिटांची १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. दोन्ही यानं त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उडाली आणि सप्टेंबरच्या मध्यावर केसरबाई गेल्या. त्यातलं एक यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाच्या बाहेरसुद्धा पडलं. बाख, बीथोव्हन, आणि आपल्याकडून कोण तर केसरबाई. आणि राग कुठला? भैरवी. बंदिश 'जात कहाँ हो'.

कुठे चाललात! अंतराळात जाऊन कुणाला विचारताहेत माहीत नाही, पण मला त्या दिवशी पॅसेजमध्ये तेवीस माणसं बघून पहिल्यांदा हीच बंदिश आठवली. त्या तबकडीवर हाताने कोरलेली एक ओळ आहे, संगीत घडवणाऱ्यांना, सगळ्या विश्वांतल्या आणि सगळ्या काळांतल्या, अशा अर्थाची. केसरबाईंची सही नाहीये तिच्यावर.

आता आमचीही चूक आहे, ती लपवत नाही. आम्ही आयोजक मंडळी तुम्हाला बाहेर उभं करतो आणि स्पॉन्सरच्या अख्ख्या कुटुंबाला, धाकट्या सुनेसकट, आधी आत सोडतो. तुम्ही ते बघता आणि तुम्हाला वाटतं की इथे ओळख नाहीतर धक्का, दोनच गोष्टी चालतात. मागे एका मोठ्या संस्थेच्या कार्यक्रमात मी श्रोता म्हणून गेले होते, तिथे कलाकार चाळीस मिनिटं बाहेर येणार येणार म्हणत आम्हाला उभं केलं आणि ते कधीच गाडीत बसून गेले होते. त्यामुळे धावण्याची सवय तुम्हाला आम्हीच लावलीय. स्पॉन्सरचं मी मीटिंगमध्ये काढलंय, भांडण झालंय, पुढच्या वेळेपासून भैरवीनंतर अर्धा तास आत कुणीच नाही, शिष्य आणि पाणी सोडून. कलाकार स्टेजवरून उतरला म्हणजे गाणं संपलं असं नसतं, बाई त्या दिवशी खुर्चीत बसल्यावरही बोटांनी मांडीवर ताल धरून होत्या, त्यांचं आत चालूच होतं काहीतरी, आणि आपण समोर बॉलपेन नाचवत होतो.

सह्यांचं काय करायचं ते त्या रात्री आपोआपच ठरलं. नऊ जणांनंतर बाईंचा हात थांबला, उरलेली चौदा माणसं हिरमुसली, तेव्हा बाईच म्हणाल्या, "डायऱ्या ठेवून जा, मी घरी दुपारी बसून करते." शिष्येच्या तानपुऱ्याच्या गवसणीबरोबरची एक कापडी पिशवी होती, त्यात सगळं भरलं, प्रत्येकात नावाची चिठ्ठी घातली. मला वाटलं आता ह्या डायऱ्या गेल्या. तर तीन आठवड्यांनी पिशवी परत आली, आणि प्रत्येक पानावर नुसती सही नाही, त्या दिवशी गायलेले राग लिहिलेत, श्री, बिहाग, भैरवी, आणि प्रत्येकाखाली चीजेचा, म्हणजे बंदिशीचा, पहिला शब्द. शाईच्या पेनने. रांगेत उभं राहून हे तुम्हाला जन्मात मिळालं नसतं.

तरी तक्रार आलीच. एक जण फोनवर म्हणाले, "पण समोर बसून केलेली सही ती वेगळी." बरोबर आहे, वेगळीच. सहीचं निमित्त असतं, आपल्याला दोन फुटांवरून बघायचं असतं त्यांना, एकदा आपल्याकडे बघून त्यांनी मान हलवावी एवढंच हवं असतं, मला काय कळत नाही का? १९९४ ला मलाही तेच हवं होतं. म्हणून बाईंच्या शिष्येशी बोलून असं ठरवलंय की पुढच्या वेळी, झालंच पुढचं तर, अर्ध्या तासानंतर बाई दहा मिनिटं दाराशी खुर्ची टाकून बसतील. नमस्कार लांबूनच करायचा, वाकायचं नाही, बोलायचं असेल तर एक वाक्य, आणि भैरवीबद्दल बोलायचं असेल तर भैरवीला हॉलमध्ये असायला पाहिजे. मी दारावर असेन आणि चेहरे मला लक्षात राहतात. डायरीची पिशवी आधीच तिकीट काउंटरवर असेल, आत शिरतानाच टाका म्हणजे मग तीन तास हातात काही नाही, नुसतं ऐकायचं. एका माणसाची एकच वस्तू. पेन नको.

आणि हो, त्या चौदापैकी अकरा जण येऊन घेऊन गेले. तीन डायऱ्या अजून माझ्या कपाटात आहेत, फोन केले तर उचलत नाहीत. एक निळी रेक्झिनची, एक लहान मुलाची वही आहे जिच्या मागच्या पानावर सत्तावीसचा पाढा आहे, आणि एकीत पुढच्या पानांवर किराण्याचा हिशोब आहे, साबुदाणा दोन किलो, शेंगदाणे एक, त्याच्या लगेच पुढच्या पानावर बाईंची सही. रविवार सोडून कधीही या, संध्याकाळी सातच्या आत, नंतर मी क्लासला जाते. चिठ्ठीवरचं नाव सांगा म्हणजे झालं.

तुमची,
दारावरची काकू